मागच्या स्पीकरचा आवाज फाटतो तेव्हा

रेडिओवर बातम्या चालू आहेत तोवर गाडीतल्या कोणाचीच तक्रार नसते. निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो. बातम्या संपून लावणी लागते, ढोलकीवर पहिली जोरकस थाप पडते आणि मागच्या सीटच्या पाठीमागून ‘खर्रर’ सुरू होते. आवाज कमी केला की खरखर गायब, वाढवला की पुन्हा हजर. स्टिरिओ तोच, वायर त्याच, स्पीकरही तोच. मग निवेदक सहीसलामत सुटतो आणि ढोलकीवालाच का अडकतो?

गॅरेजमधले उत्तर ठरलेले असते : “स्पीकर फाटलेत, नवे टाका.” निदान बहुतेक वेळा बरोबरही असते. पण पुष्कळदा असे होते, की खोक्यावर ‘६०० वॉट’ असे ठळक छापलेले नवे स्पीकर बसतात, खरखर जाते, आणि तरीही दुकानात ऐकलेला भरदार आवाज गाडीत काही येत नाही. पैसे गेले आणि बेस आलाच नाही, अशी चुटपुट लागून राहते.

या दोन्ही कोड्यांची उत्तरे स्पीकर कसा चालतो आणि तो कशावर बसतो, या दोन गोष्टींत आहेत. त्या कळल्या तर जुन्या गाडीचे मागचे स्पीकर बदलणे हे रविवारच्या सकाळचे काम आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० असो, किंवा १९९८ मध्ये आलेल्या इंडिका-सँट्रोच्या पिढीतली एखादी गाडी असो, त्यांच्यात स्टिरिओ हा वेगळा, सुटा डबा असतो. त्याचा ना इंजिनाशी संबंध, ना ब्रेकशी. नव्या गाड्यांच्या टचस्क्रीनमागे असते तसले वायरींचे जंजाळ इथे नाही. म्हणूनच हात साफ करायला जुनी गाडी बरी.

कागद, तार आणि चुंबक

आजच्या स्पीकरची मूळ रचना शंभर वर्षांची झाली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ती मांडली आणि तीच थोड्याफार फरकाने जगभरच्या गाड्यांत बसलेली आहे. मधोमध एक भक्कम चुंबक. त्याच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेचे हलके वेटोळे, म्हणजे कॉइल. कॉइलला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकूसारखा पडदा. कारागीर त्याला ‘कोन’ म्हणतात. स्टिरिओकडून आलेली वीज कॉइलमधून एका दिशेने गेली की चुंबक तिला बाहेर ढकलतो, उलट दिशेने गेली की आत ओढतो. कॉइलबरोबर कोन हलतो, कोनाबरोबर हवा हलते, आणि ती हवा कानापर्यंत पोचली की आपण म्हणतो गाणे ऐकू आले.

कॉइल ज्या फटीत हलते ती मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. कॉइलने तिथे नेमके मधोमध राहावे म्हणून तिला दोन ठिकाणी धरलेले असते. खाली नालीदार कापडाची चकती आणि वर कोनाच्या परिघावर मऊ कड. ही कड फोमची किंवा रबराची असते. कोन पुढे-मागे जाऊ देणे, पण डावी-उजवीकडे झुकू न देणे, हे तिचे काम. आवाज फाटण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

आता निवेदक आणि ढोलकीवाला. बोलणे समजायला फार खोल आवाज लागत नाही. जुना लँडलाइन फोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढाच पट्टा पोचवत असे आणि तरी पलीकडचे सगळे बोलणे कळत असे. या पट्ट्यात कोन जेमतेम थरथरतो. खर्जाचे मात्र वेगळे. सूर निम्म्यावर आला की तितक्याच मोठ्या आवाजासाठी कोनाला चौपट अंतर जावे लागते. ४०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झवर उतरले की सोळापट! ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर थाप पडते तेव्हा कोन खऱ्या अर्थाने धावतो, आणि कड कुजलेली असेल तर नेमका त्याच वेळी तिरका होतो. कॉइल फटीच्या भिंतीला घासते. ‘खर्रर’ होते ते हे.

कड का झडते

पार्सल ट्रेवर, म्हणजे मागच्या सीटमागच्या फळीवर, बसलेल्या जुन्या स्पीकरची जाळी काढली आणि कडेवरून अंगठा फिरवला की पुष्कळदा करडा-काळा चिकट भुगा बोटाला लागतो. कोनाच्या भोवती अर्धा परीघ रिकामाच दिसतो आणि त्या फटीतून खालचा पत्र्याचा सांगाडा डोकावतो. हा पॉलियुरेथेन फोम. हवेतल्या दमटपणाने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते. ऊन आणि उष्णता त्या कामाला वेग देतात. मागच्या काचेखालची जागा तर उन्हाची हक्काची. विदर्भातल्या मे महिन्यात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत ट्रेचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. त्यानंतर चार महिने पावसाळी ओल. असे दहा-पंधरा उन्हाळे-पावसाळे काढल्यावर फोम टिकला तर तेच नवल. रबरी कड या बाबतीत पुष्कळ चिवट.

निदान पक्के करायची एक साधी रीत आहे. गाडी बंद ठेवून दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर टेकवावीत आणि तो अगदी हलके, सरळ आत दाबावा. निरोगी कोन गुपचूप आत जातो आणि परत येतो. आत कुठे खरखरीत घासल्याचे बोटांना जाणवले, तर कॉइल जागेवरून हललेली आहे.

पण प्रत्येक खरखर स्पीकरचीच असते असे नाही. आवाज डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे फिरवायची सोय बहुतेक स्टिरिओंत असते. तिने एकेक स्पीकर वेगळा ऐकावा. खरखर एकाच कोपऱ्यात असेल तर डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर तात्पुरत्या अदलाबदल करून पाहाव्यात. दोष स्पीकरबरोबर राहिला तर स्पीकर वाईट. बाजू बदलून दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर वायर किंवा स्टिरिओ वाईट. आणि खर्ज वाजताना मागची नंबरप्लेट बोटाने दाबल्यावर आवाज थांबला तर खर्च दोन स्क्रूंचाच आहे.

नुसती कड गेली असेल आणि कॉइल-कोन धड असतील, तर ऑर्केस्ट्रा आणि गणेश मंडळांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर कड बदलून देतात. गाडीच्या छोट्या स्पीकरला ती मजुरी परवडते की नाही, हे नव्या जोडीची किंमत विचारूनच ठरवावे.

हवेची पळवाट

आता दुसरे कोडे : नवा स्पीकर आणूनही बेस का येत नाही?

पाण्याने भरलेल्या पिंपात एक ताटली उभी धरून सावकाश पुढे-मागे हलवून पाहावी. ताटलीपुढचे पाणी कडेवरून वळसा घालून मागच्या रिकाम्या जागेत शिरते. हात हलत राहतो, पण पिंपाच्या काठापर्यंत लाट म्हणून काही पोचत नाही. तीच ताटली झटक्याने हलवली तर पाण्याला वळसा घालायला सवड मिळत नाही आणि लाट उठते.

कोन आणि हवा यांचे नाते असेच आहे. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्हींच्या मध्ये आडोसा नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून मागे पळते आणि हिशेब शून्य. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साधारण ३.४ मीटर लांब, तर १०,००० हर्ट्झच्या झांजेची ३.४ सेंटिमीटर. साडेतीन मीटरच्या लाटेला वीतभर स्पीकरची कड ओलांडणे काहीच नाही. म्हणून उघड्यावर वाजणाऱ्या स्पीकरमधून झांजा खणखणीत येतात आणि ढोल हरवतो.

याचा पडताळा दोन मिनिटांत घेता येतो. नवा स्पीकर वायरींना जोडून हातात धरावा आणि ओळखीचे गाणे लावावे. आवाज किरटा, चिरका येईल. मग जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट दाबून धरावा. आवाजात काहीही बदल केलेला नसतो, तरी खर्ज एकदम अंगावर येतो. दुकानातल्या प्रदर्शनाच्या फळीवर स्पीकर भारदस्त वाजतो तो याच कारणाने. तिथे तो जाड लाकडात चहूबाजूंनी स्क्रूने कसलेला असतो.

गाडीत हा आडोसा कोण देतो? डिक्की वेगळी असलेल्या सेडानमध्ये मागच्या सीटमागचा पत्रा. तो सीट आणि डिक्की यांच्यामध्ये चांगली भिंत उभी करतो आणि सगळी डिक्की स्पीकरचे खोके बनते. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीत हे काम काढता-घालता येणाऱ्या पार्सल ट्रेवर येऊन पडते. मूळ ट्रे पुष्कळदा दाबलेल्या पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लास्टिकचा. उन्हाने तो वाकतो, बाजूंना फटी पडतात, खर्जाबरोबर तो स्वतःच हलू लागतो. महागातला स्पीकर अशा ट्रेवर बसवला तर त्याची अर्धी मेहनत त्या फटींतून निघून जाते.

उपाय सुताराकडे आहे. १२ मिलिमीटर जाडीचा, पाण्याला टिकणारा प्लायवूड मूळ ट्रेच्या आकारात कापून घ्यावा. एमडीएफ नावाची भुशाची फळी कापायला सोपी असते, पण कोकणातला किंवा मुंबईतला एक पावसाळा तिला फुगवायला पुरतो. प्लाय जिथे टेकतो तिथे दारे-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवावी. स्पीकरच्या चौकटीखालीही तीच पट्टी. एवढ्याने फटी बुजतात.

‘५० वॉट गुणिले ४’ म्हणजे किती?

गाडीच्या बहुतेक सुट्या स्टिरिओंवर ‘५० वॉट × ४’ असे छापलेले दिसते. हा आकडा येतो कुठून, हे शाळेतल्या गणिताने काढता येते. इंजिन चालू असताना गाडीतला दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा विरोध ४ ओहम. दाबाचा वर्ग भागिले विरोध, म्हणजे १४.४ गुणिले १४.४ भागिले ४. उत्तर जवळपास ५२ वॉट. पण एवढी शक्ती मिळायला स्टिरिओने सगळा दाब सतत, सरळसोट ओतायला हवा. तसे गाणे नसते, तो नुसता भोंगा असतो. स्वच्छ सुरासाठी हा आकडा निम्मा करावा लागतो, म्हणजे २६ वॉट. त्यातूनही थोडा दाब स्टिरिओच्या आतच खर्ची पडतो. हातात उरतात प्रत्येक स्पीकरमागे साधारण १८ ते २२ वॉट. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला नाही तर स्टिरिओ सहसा यापुढे फारसा जाऊ शकत नाही.

मग स्पीकरच्या खोक्यावरच्या ‘६०० वॉट’चा अर्थ काय? स्पीकरवरचा वॉटचा आकडा तो किती जोरात वाजेल हे सांगत नाही, तो किती सोसेल हे सांगतो. तोही क्षणभराचा. सतत सोसायचा आकडा त्याच खोक्यावर बारीक अक्षरात ‘आरएमएस’ या नावाने असतो आणि तो पुष्कळ लहान असतो. पाहायचा तो हाच.

जोर सांगणारा आकडा वेगळा आहे : सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते माप. इथे ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक. ९३ डेसिबलचा स्पीकर २० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढेच वाजायला ९० डेसिबलच्या स्पीकरला ४० वॉट लागतात. जुन्या गाडीत मूळ स्टिरिओच ठेवायचा असेल तर खोक्यावरचा हा एक आकडा बाकीच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाचा.

दुकानात जाण्याआधी

आधी जुना स्पीकर काढून त्याची मापे घ्यावीत. ट्रेवर सहसा ६ × ९ इंची अंडाकृती स्पीकर असतात. मागच्या दारात ४, सव्वापाच किंवा साडेसहा इंची गोल. नावाचे माप तेच असले तरी स्क्रूच्या भोकांची जागा कंपनीगणिक बदलते. दारात बसवायचा असेल तर चुंबकाची खोली काटेकोर मोजावी, आणि तीही काच पूर्ण खाली घेऊन. काच वर असताना सगळे छान बसते. खाली आली की चुंबकावर आपटते. एक-दोन सेंटिमीटर कमी पडत असतील तर प्लायचे कडे कापून स्पीकर थोडा पुढे आणता येतो.

विरोध ४ ओहमचाच घ्यावा. घरच्या साउंड सिस्टिमचे स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात. ते गाडीत चालतात, पण मिळणारी शक्ती निम्म्यावर येते. उलट, एकाच वायरीवर दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर विरोध २ ओहम होतो. स्टिरिओमधून दुप्पट प्रवाह ओढला जातो आणि तो तापून बंद पडतो.

कोनाच्या मधोमध उंच सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसवलेला ‘कोअॅक्शियल’ स्पीकर मागच्या बाजूला पुरेसा असतो. त्याच्या पाठीवर एक बारीक नळकांडे दिसते, तो कपॅसिटर. तो फक्त बारीक, उंच सूर ट्वीटरकडे सोडतो आणि खर्ज अडवतो. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्वीटरला लावला तर ही सीमा साधारण ८,५०० हर्ट्झवर येते. तो तुटला किंवा काढून टाकला तर नाजूक ट्वीटर खर्जाच्या धक्क्याने जळतो.

जाडजूड, महागड्या वायरींचा आग्रह दुकानात हमखास होतो. हिशेब करून पाहावा. पुढून मागे ५ मीटर, जायची-यायची मिळून १० मीटर तांब्याची वायर. तिची जाडी १ चौरस मिलिमीटर असेल तर तिचा विरोध भरतो सुमारे ०.१७ ओहम. चार ओहमच्या स्पीकरपुढे हा तोटा चार टक्के. कानाला तो कळतही नाही. घरातल्या दिव्यांच्या फिटिंगला लागते तेवढ्या जाडीची, पण बारीक धाग्यांची लवचीक तांब्याची वायर इथे भागवते.

दाराचे पॅड उतरवताना

सुरुवात बॅटरीपासून. बहुतेक छोट्या गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. आधी उणे टर्मिनल सोडवून बाजूला करायचे. काही स्टिरिओ वीज तुटली की पुन्हा सुरू होताना गुप्त आकडा मागतात. तो हाताशी नसेल तर बॅटरी सोडवण्याआधी शोधून ठेवावा. गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरला आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावायचा नाही. ती तिची खूण असते.

ट्रेवरचे स्पीकर काढायला चार स्क्रू आणि दोन वायरी एवढेच काम. दारातल्या स्पीकरसाठी आधी दाराचे आतले पॅड उतरवावे लागते आणि जुन्या गाडीत पहिलीच अडचण काच वर-खाली करायच्या हँडलची येते. त्यावर स्क्रू दिसत नाही. हँडल आणि पॅड यांच्या मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप दडलेली असते. मेकॅनिक यासाठी सुती कापडाची पट्टी वापरतात. पट्टी हँडलच्या मागून ओवायची, दोन्ही टोके हातांत ताणून धरायची आणि पाठीला साबण चोळावा तशी मागे-पुढे ओढायची. दोन-चार हिसक्यांत कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप ‘टक’ करून उडते. ती उडून सीटखाली जाऊ नये म्हणून एक हात आधीच आडवा धरलेला बरा.

त्यानंतर आर्मरेस्टचे आणि कडीभोवतीचे स्क्रू. मग पॅड खालच्या कोपऱ्यापासून, क्लिपच्या अगदी जवळ एखादी चपटी, कडक पट्टी घालून एकेक क्लिप सोडवत यायचे. इतक्या वर्षांत प्लास्टिक कडक झालेले असते, दोन-तीन क्लिपा तुटणारच. पाच-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवल्या तर पुढे पॅड खडखडत नाही.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. तो फाडून फेकून देण्याचा मोह होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला होतो. दाराच्या काचेवरचे पाणी रबरामधून दाराच्या आतच उतरते आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडते. दाराची रचनाच तशी आहे. ते पाणी आत बसायच्या जागेत येऊ नये म्हणून हा कागद. तो जपून सोडवावा, काम झाल्यावर पुन्हा नीट चिकटवावा आणि तळाची भोके काडीने मोकळी करावीत. स्पीकरच्या डोक्यावरही पाणी ठिबकते. त्यासाठी वर प्लास्टिकची छोटी पागोळी लावावी आणि वायरीला स्पीकरच्या खालपर्यंत एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब जोडापर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतो.

वायरी जोडताना

बाजारात सुट्या मिळणाऱ्या स्टिरिओंच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात : पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. प्रत्येक रंगाची एक वायर साधी, ती अधिक; दुसरीवर काळी रेघ, ती उणे. गाडीच्या कारखान्यात टाकलेल्या वायरींना मात्र हा नियम लागू नाही. तिथे रंगावर भिस्त न ठेवता मल्टिमीटर लावावा.

जुन्या गाडीतला खरा सापळा वेगळाच आहे. कॅसेटच्या जमान्यातल्या काही टेपमध्ये स्पीकरला एकच वायर जाई आणि परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यातून असे. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर दाब असतो. आतला अ‍ॅम्प्लिफायर आळीपाळीने दोन्ही टोकांनी ढकलतो. १४ व्होल्टमध्ये जास्तीत जास्त शक्ती काढायची ती युक्तीच आहे. यातली एकही वायर पत्र्याला लागली तर स्टिरिओ एक तर स्वतःला बंद करून घेतो, नाही तर कायमचा बंद होतो. म्हणून स्टिरिओ सोडवून, मल्टिमीटरचे एक टोक स्पीकरच्या वायरीला आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला लावून पाहावे. मार्ग जुळलेला दिसता कामा नये. जुळला तर जुन्या वायरींचा नाद सोडून नव्या टाकणे शहाणपणाचे. त्याच मल्टिमीटरने स्पीकरची दोन टोके तपासली तर ४ ओहमचा धड स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटलेली.

वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हात टेपचा गोंद वितळला की सुटतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवावी किंवा दाबून बसवायचे टर्मिनल वापरावे. ट्रे काढता-घालता यावा म्हणून तिथे एक प्लग-सॉकेटची जोडी ठेवावी.

शेवटची गोष्ट अधिक-उणेची. स्पीकरच्या दोन टोकांपैकी रुंद पट्टी सहसा अधिक असते. खात्री करायला दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल पुरतो. सेलचे अधिक टोक एका पट्टीला आणि उणे दुसरीला क्षणभर टेकवायचे. कोन बाहेर आला तर जोडणी सरळ, आत गेला तर उलटी. दोन स्पीकरपैकी एकच उलटा जोडला गेला तर एक कोन हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसरा ती मागे ओढतो. दोन्ही स्पीकर उत्तम, बैठकही पक्की, आणि तरी गाडीत खर्ज नाही, असे झाले तर बाकी काही करण्याआधी हे तपासावे.

ट्रेवरचे ओझे

६ × ९ इंची स्पीकरची जोडी आणि प्लायची फळी मिळून सहज चार-पाच किलो होतात. मूळ ट्रे दोन खुंट्यांवर नुसता टेकलेला असतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर न बांधलेली फळी त्याच वेगाने पुढे निघते, आणि तिच्या वाटेत मागे बसलेल्यांची डोकी असतात. फळी दोन्ही बाजूंना लोखंडी कोनपट्टीने पत्र्याला नट-बोल्टने बांधावी. ट्रेवर सुटे ठेवायचे स्पीकरचे डबे याच कारणासाठी टाळावेत. आरशातून मागचे दिसणेही ते अडवतात.

चौकट : थोडक्यात

• खरखर फक्त खर्जाला येते : आधी कोनाची कड आणि कॉइलचे घासणे पाहा.
• बेस येत नाही : ट्रेच्या फटी बुजवा, फळी जाड करा, अधिक-उणे तपासा.
• खरेदी : माप, चुंबकाची खोली, ४ ओहम, आरएमएस वॉट, सेन्सिटिव्हिटी.
• वायर : १ चौरस मिलिमीटर तांबे पुरे. एकही वायर पत्र्याला लागता कामा नये.
• दार : प्लास्टिकचा कागद परत चिकटवा, तळाची भोके मोकळी ठेवा.
• सुरक्षितता : बॅटरीचे उणे टर्मिनल आधी सोडवा; ट्रेची फळी बोल्टने बांधा.

किती खर्च करावा?

आवाज डावीकडून येतो की उजवीकडून हे मेंदू दोन कानांवर तो किती अंतराने पोचला यावरून ओळखतो. हा फरक फार तर एक मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाएवढा असतो, तरी तो बरोबर टिपला जातो. आवाज पुढून की मागून हे कानाच्या पाळीमुळे सुरात पडणाऱ्या फरकावरून कळते. म्हणून मागचे स्पीकर फार मोठे केले की गायिका डिक्कीत बसून गात असल्यासारखे वाटू लागते. पुढे बसणाऱ्यासाठी गाणे घडते ते पुढच्या स्पीकरांत. मागचे स्पीकर मागच्या सीटवरच्यांसाठी आणि खर्जाला थोडा टेकू देण्यासाठी असतात. ते बसवून झाल्यावर स्टिरिओतले पुढे-मागे करायचे बटण थोडे पुढच्या बाजूला झुकवून ठेवावे.

तेव्हा पैशांची वाटणीही त्याच क्रमाने व्हावी. पुढचे स्पीकर फाटलेले असतील तर आधी ते बदलावेत. मागे मध्यम किमतीची, रबरी कडेची, ९० डेसिबलच्या वरची जोडी घ्यावी आणि वाचलेले पैसे प्लाय, फोमची पट्टी आणि चार चांगले बोल्ट यांवर घालावेत. स्वस्त स्पीकर घट्ट फळीवर जेवढा वाजतो, तेवढा महागडा स्पीकर वाकलेल्या पुठ्ठ्यावर वाजत नाही.